इमारत शहरासारखी, कारभार ग्रामपंचायतीचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्याहून येऊन रत्नागिरी शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीत फ्लॅट घेतला. नळाला दिवसाआड पाणी येतं. लेआउटमधला रस्ता उखडलाय आणि ग्रामपंचायत म्हणते, रस्ता आमचा नाही. वळणावर कचरा जळत असतो. जुलैत पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचतं. अर्ज दिले, उत्तर आलं नाही. शेजारच्या वाडीतली माणसं तुटक वागतात. यावर तुम्ही विचारलंय की तक्रार नेमकी कुठे करायची, हद्दवाढ झाली तर हे सुटेल का, आणि शिमग्याला पालखी इमारतीत येईल का.

मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ अशाच ग्रामपंचायतींमध्ये गेला. रत्नागिरीला लागून कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, चिपळूणजवळ खेर्डी, अलिबागजवळ चेंढरे, ही सगळी एकाच घडणीची गावं. रस्त्याने जाताना शहर कुठे संपलं ते कळत नाही. दुकानं, क्लास, दवाखाने, चारमजली इमारती, सगळं शहरासारखंच. कारभार मात्र महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे चालतो. तुमच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे, आणि उपायही इथेच आहे.

नगरपरिषदेत तक्रार दिली की ती कुठल्या तरी खात्याकडे जाते. पाणी खातं वेगळं, बांधकाम वेगळं, आरोग्य वेगळं. ग्रामपंचायतीत खाती नसतात. एक अधिकारी, एखादा लिपिक, शिपाई आणि पाणी सोडणारा कर्मचारी, एवढ्यावर कारभार चालतो. अभियंता पंचायत समितीत बसतो आणि त्याच्याकडे तालुक्यातली बरीच गावं असतात. गळका व्हॉल्व्ह, बंद दिवा असली कामं अर्जावर होतात. पण रस्ता, गटार, वाढीव पाइपलाइन ही कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात आल्याशिवाय होत नाहीत, आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. तुमचा रस्त्याचा अर्ज आवक रजिस्टरला नोंदला गेला आणि फाइलीत गेला. तो कोणी मुद्दाम दाबला असेल असं मला वाटत नाही. त्यावर काम करायला मागे ठरावच नव्हता.

तेव्हा मी तुम्हाला उलट विचारते. तुमच्या इमारतीतल्या किती जणांची नावं गावच्या मतदार यादीत आहेत?

याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: दोन-चार. बाकीच्यांची नावं अजून ठाणे, डोंबिवली, बोरिवलीला. ग्रामसभेचा सदस्य कोण, तर गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो. घरपट्टी भरता म्हणून तुम्ही ग्रामसभेचे सदस्य होत नाही. निवडणूक आयोगाचा नमुना ८ भरून पत्ता बदलून घ्या. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. हे काम मोबाइलवरही होतं. ग्रामपंचायतीची प्रभागवार यादी विधानसभेच्याच यादीवरून बनते, त्यामुळे वेगळा अर्ज लागत नाही. आणि स्पष्टच सांगते, प्रभागात निवडून आलेल्या आणि पडलेल्या उमेदवारातलं अंतर कित्येकदा दोन आकडी असतं. तुमच्या इमारतीतली पन्नास नावं यादीत आली की सदस्य स्वतःहून जिना चढून येतील. यात वावगं काही नाही. लोकशाही खालच्या पातळीवर अशीच चालते आणि अशीच चालायला हवी.

याच ओघात ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे करआकारणीचा उतारा, तोही काढून बघा. हा आणि निवडणुकीचा नमुना ८ वेगळे, गल्लत करू नका. कितीतरी इमारतींत फ्लॅट विकून वर्षं लोटली तरी उताऱ्यावर बिल्डरचंच नाव असतं. मग घरपट्टी थकते, थकबाकी गावभर चर्चेत येते आणि 'फ्लॅटवाले पट्टी भरत नाहीत' हा शिक्का बसतो. खरेदीखताची प्रत आणि अर्ज देऊन नाव लावून घ्या, पट्टी वेळेवर भरा आणि पावत्या फाइलला ठेवा. सभेत उभं राहताना या पावत्या हातात असल्या की आवाजाला वजन येतं.

आता ग्रामसभा. वर्षातून किमान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे नेहमीचे दिवस, पण तारखा मागेपुढे होतात, म्हणून नोटीस फलकावर लक्ष ठेवा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. मोठ्या गावातसुद्धा शंभर माणसं जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. खरी गंमत पुढे आहे: तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या दिवशी येऊन 'सभा झालीच नाही' म्हणून लोक घरी जातात, आणि ठराव होतात ते नंतरच्या सभेत वीस-पंचवीस माणसांत. तुम्ही दोन्ही दिवस जा. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. माझा अनुभव असा की नव्याने आलेल्यांचं म्हणणं सगळ्यात लवकर ऐकलं जातं ते महिला सभेत. तिथे पाण्यावर बोलणं निघालं की वाडीतली बाई आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई एकच भाषा बोलतात.

विषय सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत विषय निघाला की ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. अनुमोदक वाडीतला मिळवा, सोसायटीतला नको. दोन्ही नावं सोसायटीतली असली की ठराव इमारतीचा होतो, एक नाव वाडीचं आलं की तो गावाचा होतो. सभा संपल्यावर ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का ते बघा आणि नक्कल मागा. इतिवृत्तात नसेल तर सभेत कितीही टाळ्या पडल्या तरी तो ठराव झालेला नाही.

तुमच्या रस्त्याचं आता नेमकं सांगते. 'रस्ता आमचा नाही' हे ग्रामपंचायतीचं उत्तर कानाला टोचतं, पण बहुधा खरं आहे. बिनशेती लेआउट मंजूर होतो तेव्हा आतले रस्ते नकाशावर दाखवलेले असतात आणि ते बांधायची जबाबदारी विकासकाची असते. ते ग्रामपंचायतीकडे वर्ग झाले नाहीत तर सातबारा विकासकाच्याच नावावर राहतो, आणि खासगी जागेवर सरकारी पैसा घालता येत नाही. आमच्या भाषेत विचारायचा प्रश्न एकच: रस्ता २३ नंबरला लागलाय का? ग्रामपंचायतीचं २३ नंबरचं रजिस्टर म्हणजे रस्त्यांची नोंदवही. तिथे नोंद नसेल तर आमदार निधी येवो की वित्त आयोग, तुमच्या रस्त्यावर खडीसुद्धा पडणार नाही. उपाय असा: मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत काढा, विकासकाकडून रस्त्याचं बक्षीसपत्र करून घ्या, तो दाद देत नसेल किंवा जमीन अनेकांच्या नावे असेल तर संबंधित सगळ्यांची संमती गोळा करा, ग्रामसभेचा ठराव घ्या आणि २३ नंबरला नोंद करून घ्या. लेआउटमधली मोकळी जागाही त्याच वेळी बघून ठेवा. मुलांना खेळायची ती एकच जागा असते, आणि कुंपण नसलेली मोकळी जागा कोकणात फार दिवस मोकळी राहत नाही.

पाण्याकडे येते. जल जीवन मिशनच्या योजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरून आखलेल्या आहेत. चार माणसांच्या घराला २२० लिटर. शहरांच्या योजना माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने होतात. तुमच्या फ्लॅटमध्ये दोन संडास, वॉशिंग मशीन आणि वर फ्लश आहे, म्हणजे वापर शहराचा आणि पुरवठा गावाचा. शिवाय योजना आखली तेव्हाची लोकसंख्या आणि आजची यात तुमच्यासारख्या किती इमारती उभ्या राहिल्या ते मोजा. पाणी सोडणाऱ्या माणसाला दोष देऊन पाणी वाढत नाही. वाढीव टाकी, दुसरा स्रोत यांचा विषय आराखड्यात घ्यावा लागेल, आणि तोवर इमारतीने स्वतःची सोय बघावी लागेल.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तो पडला म्हणजे सुमारे ३ लाख लिटर पाणी झालं. पण जांभ्याच्या जमिनीत मुरवलेलं पाणी तिथेच थांबत नाही. जांभा सच्छिद्र, पाणी आत जातं तसं उताराने बाहेरही पडतं. जुलैत काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते ती त्यामुळेच. म्हणून केवळ बोअरजवळ खड्डा मारून पुनर्भरण केलं की मे महिना सुटला, असं समजू नका. चार महिने गच्चीचं पाणी गाळून फ्लशला आणि धुण्याला वापरा, बोअरला तेवढी विश्रांती द्या. आणि पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, जवळच्या पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, त्यात माती-रेती, मध्ये चिकणमातीचा थर, एका रविवारचं काम. बांधकामं चालू असलेल्या भागात रिकाम्या पिशव्या फुकट मिळतात. पाणी अडलं की आजूबाजूच्या विहिरी जास्त दिवस टिकतात, तुमची बोअरही. या एका कामात वाडी आणि इमारत जशी एकत्र येते तशी दुसऱ्या कशात येताना मी पाहिली नाही.

वाडीतली माणसं तुटक का वागतात, त्याचं एक कारण पाण्यातच सापडेल. तुमच्या इमारतीचा शोषखड्डा कुठे आहे ते बघा. विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट अंतर हवं, आणि जांभ्याच्या भेगांचा विचार केला तर याहूनही जास्त असलेलं बरं. आमच्याकडे एका वाडीच्या वरच्या अंगाला इमारती झाल्या. ऑगस्टमध्ये खालच्या घरांत मुलांना जुलाब सुरू झाले. वाडी म्हणायची तुमच्या घाणीमुळे, इमारत म्हणायची विहिरीत पालापाचोळा पडतो त्यामुळे. मी दोन्हीकडच्या दोन-दोन माणसांना बरोबर घेऊन विहिरीवर गेले. तपासणीची छोटी बाटली असते, एच-टू-एसची. आत औषध लावलेलं असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि ठेवून द्यायची. विहिरीची एक आणि उकळलेल्या पाण्याची एक, अशा दोन बाटल्या सगळ्यांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावून ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीची बाटली डांबरासारखी काळी झालेली, उकळलेल्या पाण्याची होती तशीच. काळी बाटली पाहिल्यावर वाद थांबला, कारण इमारतीतली मुलंही त्याच वाडीतल्या बालवाडीत होती. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला. इमारतीची मैल्याची टाकी उपसली, शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला नेला, आणि तो होईपर्यंत विहिरीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. १,००० लिटरला ५ ग्रॅम हे साधारण प्रमाण. ती पावडर कोरडी टाकायची नसते. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि संच द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा, आणि तुमच्या टाकीचं पाणीही त्यांच्याकडून तपासून घ्या.

पार्किंगमधल्या पाण्यासाठी पंप विकत घ्यायच्या आधी पऱ्या शोधा. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा काढला की नैसर्गिक ओहोळ कुठून वाहायचा ते दिसतं. बऱ्याचदा त्याच्यावर भराव पडलेला असतो, नाहीतर तो रस्त्याखालच्या एखाद्या अरुंद मोरीत कोंबलेला असतो. मेच्या शेवटी, मृगाच्या आधी, ती मोरी दोन्ही तोंडांनी स्वतः पाहा. मी पाहिलेल्या मोऱ्यांत काय नसायचं: झावळ्या, थर्माकोल, सिमेंटच्या पिशव्या, गणपतीच्या मखराचे तुकडे. मोरी राष्ट्रीय महामार्गाखालची आहे की सार्वजनिक बांधकामच्या, जिल्हा परिषदेच्या की ग्रामपंचायतीच्या रस्त्याखालची, त्यावर ती कोणी साफ करायची ते ठरतं, म्हणून अर्जात रस्त्याचं नाव आणि फोटो द्या. भराव सरकारी ओहोळात असेल तर अर्ज तहसीलदारांकडे जातो, सोबत नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने काय भोगलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वाशिष्ठी मोठी नदी, तिची गोष्ट वेगळी. पण पाण्याची वाट अडवली तर ते घरात शिरतं, हे लहान पऱ्यालाही लागू आहे.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठी राखून ठेवलेला होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला, त्यामुळे घंटागाडीला पैसाच नसतो हे उत्तर पूर्ण मानू नका. तुमच्या गावात तो कशावर खर्च झाला ते ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर दिसतं. फ्लॅटच्या खरेदीवर भरलेल्या मुद्रांक शुल्कातला वाटाही ग्रामपंचायतीला अनुदान म्हणून येतो, तो किती आला हे सभेत विचारा. खरी अडचण जागेची असते. कचरा टाकायची जागा आपल्या वाडीजवळ कोणालाच नको असते. म्हणून गाडीत जाणारा कचरा कमी करणं हे इमारतीच्या हातातलं काम. नारळाची सोडणं, भाजीचा कचरा आवारातच जिरवा. मासळीची खवलं आणि कोळंबीची सालं पिशवीत बांधून वळणावर टाकू नका, ती झाडाच्या बुंध्याशी हातभर खोल पुरा. तुमच्या वळणावर कुत्री जमतात आणि मग कोणीतरी वैतागून ढीग पेटवतो, त्याची सुरुवात बहुतेक या पिशवीपासून होते.

हद्दवाढीची वाट बघू नका. हद्दवाढ झाली तर अभियंता मिळेल, आरोग्य निरीक्षक मिळेल, पण कर वाढेल आणि ग्रामसभा जाईल. वर्षातून चार वेळा सरपंचाला उभं करून हिशेब विचारायचा हक्क नगरपरिषदेच्या हद्दीत राहत नाही. माझं मत विचाराल तर गाव खरोखर मोठं झालं असेल तर आज ना उद्या नागरी कारभार हवाच, पण तो होईपर्यंतची वर्षं तुमच्या मुलांच्या शाळेची वर्षं आहेत. शिवाय २३ नंबरला नसलेला रस्ता नगरपरिषदेतही खासगीच राहतो.

राहिली पालखी. इथे एक फरक लक्षात ठेवा: गावकी वेगळी, ग्रामपंचायत वेगळी. देवस्थान, मानपान, पालखीचा मार्ग हे गावकर म्हणजे गावकीचे प्रमुख, मानकरी आणि गुरव ठरवतात, त्यात सरपंचाला पद म्हणून काही अधिकार नाही. आणि गावकीलाही कोणाला वाळीत टाकायचा अधिकार नाही, त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा आहे. तुमच्या बाबतीत गोष्ट तिथवर जाणार नाही, कारण बहुतेक ठिकाणी नव्या इमारतींनी बोलावलं तर गावकर आनंदाने येतात. मात्र बोलावणं वेळेत जायला हवं. शिमग्याच्या आधी निदान महिनाभर सोसायटीतली दोन-तीन वडीलधारी माणसं गावकरांच्या घरी जाऊन भेटू द्या, फोनवर नको. पालखी घरोघर फिरते, पण जिन्यावरून प्रत्येक मजल्यावर नेणं खांदेकऱ्यांना जमत नाही. म्हणून पार्किंगमध्ये स्वच्छ जागा करून पाट मांडा, वर छत बांधा, गाड्या आदल्या रात्रीच बाहेर काढा. सगळ्या घरांच्या ओट्या आणि नारळ तिथेच. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालताना घरटी नावं घेतली जातात, त्यामुळे कोणत्या मजल्यावर कोण राहतं याची यादी आधी गावकरांकडे द्या आणि भाड्याने राहणाऱ्यांना त्यातून वगळू नका. किती घरं आहेत ते कळलं की तुमच्याकडे पालखी सकाळी आणायची की दुपारी, ते गावकर ठरवतील.